एकसष्ट नंबरचं तोंड

तुझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात हुशारीचं काम कोणतं, असं सुमेधा बोर्डेला कुणी विचारलं असतं, तर तिनं भोकरदनच्या ऑफिसातली ती एक्सेलची शीट उघडून दाखवली असती. तीनशे चाळीस नावं आणि प्रत्येक नावापुढे निळ्या अक्षरात ‘फोटो’ हा शब्द. त्यावर टिचकी मारली की त्या माणसाचं आ वासलेलं तोंड स्क्रीनभर हजर. गालाच्या आतली बाजू, हिरड्या, मिसरीनं काळे झालेले दात, सगळं. एकही टिचकी वाया जात नव्हती, आणि याचा सुमेधाला मनातून फार अभिमान होता.

काम तसं सरळ होतं. तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करणारी एक संस्था गावोगाव शिबिरं घ्यायची. सुमेधा शाळेच्या दारात टेबल टाकून बसायची, नाव लिहून घ्यायची आणि हातात नंबराची चिठ्ठी द्यायची. आत आकांक्षा सिस्टर ती चिठ्ठी घ्यायची, नंबर मोबाइलमध्ये टाकायची आणि तोंडाचा फोटो काढायची. फोटोच्या फाइलला नाव त्याच नंबरचं. मग शीट आणि फोटो मुंबईच्या डॉक्टरांकडे जायचे. डॉक्टर एकेक फोटो उघडून बघायचे आणि ओळीला रंग द्यायचे. हिरवा म्हणजे काही दोष नाही. लाल म्हणजे संशय आहे, ताबडतोब तुकडा काढून तपासा.

पहिल्या शिबिराच्या वेळी तिनं एकेका नावाला हातानं फोटो जोडला होता. राइट क्लिक, लिंक, फोल्डर, फाइल, ओके. दीड दिवसात मनगट भरून आलं. आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसप्रमुख रामप्रसाद सरांना नीटनेटकेपणाचा झटका आला. त्यांनी ‘फोटो’ नावाच्या फोल्डरचं ‘फोटो फायनल’ केलं, आणि सगळ्या लिंका एका दमात मेल्या. ज्यावर टिचकी मारावी ते म्हणे, फाइल सापडत नाही. सुमेधा त्या दिवशी जेवली नाही. रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तिनं फॉर्म्युला शिकून घेतला. शेजारच्या कप्प्यात जो नंबर असेल, त्या नंबरची फाइल उघड, एवढाच हुकूम. पहिल्या कप्प्यात तो लिहायचा आणि कोपरा धरून खाली ओढत न्यायचा. शेकडो लिंका, डोळ्याचं पातं लवेपर्यंत तयार. कॉम्प्युटर नाव वाचत नाही, नंबर वाचतो, हे त्यातलं मर्म होतं. ते तिला मुखपाठ होतं, पण त्याचा अर्थ अजून कळायचा होता.

केदारखेड्याच्या शिबिराची शीट मंगळवारी अकरा वाजता मुंबईहून परत आली. केदारखेडा हे सुमेधाचं स्वतःचं गाव. तिनं शीट उघडली आणि नेहमीसारखी आधी लाल ओळी शोधत खाली गेली. बावीस लाल. चव्वेचाळीस लाल. एकसष्ट लाल.

एकसष्ट. बेबीनंदा तातेराव बोर्डे, वय बावन्न, शेतमजुरी.

ती तिची आई होती.

सुमेधा घाबरली. साधं सरळ घाबरली. कानात रातकिडा वाजावा तसा आवाज सुरू झाला. तिनं एकसष्टच्या ‘फोटो’वर टिचकी मारली. तिचीच लिंक, तिनंच जोडलेली, लगेच उघडली. डाव्या गालाच्या आत पांढरट चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल, खरबरीत जागा. डॉक्टरांनी शेजारच्या कप्प्यात लिहिलं होतं, ‘तातडीचे. थांबू नये.’

ती त्या फोटोकडे बघत राहिली. हे माझ्या आईचं तोंड आहे, असं तिनं मनाला तीनदा सांगून पाहिलं. ओळख काही पटेना. आईचे हात तिनं हजारातून ओळखले असते, पाठमोरी चाल अंधारातही ओळखली असती. पण आईचं तोंड आतून कधी कुणी बघतं का? आईच आपलं तोंड बघते, ताप आला की, जीभ काढ म्हणते. उलटं बघायची वेळच येत नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात दोघीच. तिसरं माणूस नव्हतं, की ज्याला आधी सांगावं.

आणि मग तिला मिरची आठवली.

दोन महिने झाले, आई भाजीत मिरची घालत नव्हती. बेबीनंदाबाईंच्या हातचा ठेचा म्हणजे पाहुण्याला पाणी मागायला लावणारा. ती बाई एकाएकी वांगं नुसत्या हळद-मिठात शिजवू लागली. सुमेधानं एकदा कुरकुर केली तर म्हणाली, आता वय झालं, तिखट नको वाटतं. सुमेधानं ते ऐकलं आणि ताटात वरून तिखट टाकून घेतलं होतं. शिबिरात ती दरेकाला पहिला प्रश्न काय विचारायची? तोंडात तिखट झोंबतं का? तीनशे चाळीस जणांना विचारलं. आईला विचारलं नाही, कारण रांग मोठी होती आणि आई काय, घरचीच.

“लाल किती निघाले?” रामप्रसाद सरांनी खुर्चीतूनच विचारलं.

“सात.”

“आज उद्यात सगळ्यांना फोन झाले पाहिजेत. शुक्रवारी आपली गाडी जालन्याच्या दवाखान्याला निघते. सात सीट धरून ठेवतो.” मग त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, उठून आले, स्क्रीनकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “घरचं माणूस हाय का, बेटा? मंग हे फोनवर नको. घरी जाऊन शांततेत सांग. पण उद्यापर्यंत सांग.”

सहा फोन तिनं केले. शिकवलेली वाक्यं होती, ती बरोबर म्हटली. घाबरू नका, हा फक्त संशय आहे, लवकर तपासलं की इलाज होतो, गाडी आमची आहे. पलीकडे कुणी ‘बरं बरं’ करून जल्दी फोन ठेवायचं. टेंभुर्णीहून लेकीकडे आलेली एक म्हातारी नुसती रडली. ‘घाबरू नका’ हे वाक्य आपण इतके दिवस किती सहज बोलत होतो, याची सुमेधाला लाज वाटली.

दुपारी सरांनी हिरव्यांना मेसेज सोडले. चार वाजता गावच्या ग्रुपवर धर्मराज ठोंबऱ्यांची पोस्ट आली. हे ठोंबरे गावातले मोठे शेतकरी, व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष, शिबिराचा नारळ यांच्याच हातून फुटलेला. त्या दिवशी माइक सोडवत नव्हता. ‘सुरुवात घरापासून’ म्हणत त्यांनी बायकोला, द्वारकाबाईंना, सगळ्यांदेखत रांगेत उभं केलं होतं. आता त्यांनी संस्थेचा मेसेज जसाच्या तसा टाकला होता. द्वारकाबाई धर्मराज ठोंबरे, चिठ्ठी नंबर बासष्ट, काही दोष आढळला नाही. खाली जोडलेले हात आणि ‘आमचे घर, निर्व्यसनी घर’. बेचाळीस जणांनी अंगठे दिले होते.

बासष्ट म्हणजे आईच्या लगेच मागचा नंबर. सुमेधाला ती रांग लख्ख आठवली. द्वारकाबाई आईच्या मागे उभ्या होत्या. आई ठोंबऱ्यांच्याच रानात मजुरीला जायची; त्यांच्या घरात तिला चहा कान तुटलेल्या कपात मिळायचा आणि तो कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असायचा. लहानपणी एकदा तो कप बघून आल्यावर सुमेधा पुन्हा त्या घराची पायरी चढली नव्हती. त्या घरची बाई आपल्या आईच्या मागे मुकाट उभी आहे, हे बघून तिला त्या दिवशी केवढं बरं वाटलं होतं! आता त्या बाईचा रंग हिरवा आणि आईचा लाल. बावन्न वर्षं ऊन खाल्लेल्या बाईच्याच वाट्याला हेही यावं, असा तिला भयंकर राग आला. राग आला की भीती थोडी मागे सरते. पण बसमध्ये बसल्यावर ती पुन्हा पुढे आलीच. निघताना तिनं तो फोटो मोबाइलमध्ये घेतला होता; आईनं मागं दाढा काढल्याचं तिला आठवलं, पण कुठल्या ते काही आठवेना.

घरी आई चुलीपुढे होती. वांग्याचीच भाजी, पिवळी फटक.

“आई, मागं तू जालन्याला दाढा काढल्या होत्या ना? कुठल्या गं?”

“आता मधीच काय दाढा?”

“सांग की. आ कर बरं.”

“मला काय बैल समजली का? दात मोजून राह्यली!” बेबीनंदाबाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी खरंच आ केला, गालात बोट घालून. “हे बघ, डाव्या अंगाच्या. खालच्या दोन्ही. तुझा बाप गेला त्या वर्षी काढल्या. तू बारावीला व्हतीस, तुला काय ध्यान असनार.”

सुमेधानं बल्बच्या उजेडात बघितलं. खाली डावीकडे दोन दाढांची जागा मोकळी होती. त्यापलीकडे, गालाकडे बघायचा तिला धीर झाला नाही. तिनं डोळेच मिटून घेतले. आईनं तोंड मिटलं, भाकरी उलटली आणि विचारलं, “काय झालं गं? तोंड का उतरलं?”

“काही नाही. डोकं दुखतंय.”

जेवण झाल्यावर ती ओट्यावर गेली आणि मोबाइलमध्ये घेतलेला एकसष्टचा फोटो मोठा करून बघितला. खाली डावीकडे दाढा होत्या. एक, दोन, तीन. ओळीनं, एकही कमी नाही.

आधी तिला नुसता आनंद झाला, इतका की ओरडावंसं वाटलं. हे आईचं तोंड नाही! आणि तो आनंद पुरता उतरायच्या आत दुसरी भीती येऊन बसली, ती पहिलीपेक्षा मोठी. हे आईचं नाही, तर लिंक चुकली. आणि फॉर्म्युला एकच होता, वरून खाली ओढलेला. एक चुकली म्हणजे सगळ्या चुकल्या. तीनशे चाळीस माणसांच्या नावापुढे तिनं दुसऱ्याचीच तोंडं लावून ठेवली होती. ज्यांना ‘दोष नाही’ म्हणून मेसेज गेले, त्यांच्यात सात जण मरणाच्या वाटेवर निवांत बसले होते. जिला तिनं दुपारी रडवलं, ती म्हातारी बिलकुल धडधाकट असेल. आणि आई? आईचं तोंड मग कुणाच्या नावापुढे होतं? लालच असलेल्या दुसऱ्या कुणाच्या? मिरची तर आई खरोखरच खात नव्हती. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

बुधवारी पहिल्या बसनं ती भोकरदनला गेली. ऑफिस उघडायला सर यायचे होते, शिपायाकडून किल्ली घेतली. पासवर्ड दोनदा चुकला. मग तिनं अशी माणसं शोधली, ज्यांची तोंडं चुकणं शक्य नाही. बारा नंबर, रखमाजी, पुढचा दात सोन्याचा. टिचकी मारली, सोन्याचा दात चमकला. एकशे अठरा, भिवा, लहानपणी ओठ फाटून शिवलेला. टिचकी मारली, शिवलेला ओठ. साठ नंबरची प्रिया, दातांना तारा बसवलेली, बरोबर. त्रेसष्ट नंबरच्या आजी, तोंडाचं पूर्ण बोळकं, बरोबर. फॉर्म्युला ठणठणीत होता. साठपर्यंत सगळं जागेवर आणि त्रेसष्टपासून सगळं जागेवर.

मधल्या दोन ओळी उरल्या. तिनं बासष्टवर टिचकी मारली.

खाली डावीकडे दोन दाढांची मोकळी जागा. गाल स्वच्छ, गुलाबी.

सुमेधानं टेबलावर डोकं टेकलं आणि ती रडली. किती वेळ ते तिलाही कळलं नाही. आई होती. आई धड होती.

डोकं वर केलं तेव्हा एकसष्ट आणि बासष्ट समोरच होत्या, एक लाल, एक हिरवी. म्हणजे चिठ्ठ्याच बदलल्या होत्या. आईची चिठ्ठी द्वारकाबाईंच्या हातात गेली आणि द्वारकाबाईंची आईच्या. कॉम्प्युटरनं इमानदारीनं नंबर वाचला होता. ‘व्हा बाई तुम्ही पुढं’ म्हणून आईनंच चिठ्ठी दिली असणार, असं तिला वाटलं. पुन्हा तेच! आयुष्यभर पुढची जागा सोडत आलेली बाई, इथेही सोडली.

खरं सांगायचं तर तिच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. राहू दे तसंच. गावभर पोस्ट फिरलीय, बेचाळीस अंगठे आलेत. कान तुटलेल्या कपाच्या घराची काळजी आपण का करायची? हा विचार पाच मिनिटं टिकला असेल. मग तिची नजर डॉक्टरांच्या कप्प्यावर गेली. ‘थांबू नये.’ ती उठली आणि सरांना ‘केदारखेड्याला जाऊन येते’ असा मेसेज टाकून परतीच्या जीपमध्ये बसली.

कापसाची वेचणी चालू होती. आई ठोंबऱ्यांच्या नदीकडच्या रानात होती. सुमेधा पोचली तेव्हा बाकीच्या बाया विहिरीपाशी भाकरी खायला गेल्या होत्या. बांधावरच्या लिंबाखाली दोघीच होत्या, बेबीनंदाबाई आणि द्वारकाबाई. मध्ये आईचा स्टीलचा डबा उघडा, त्यात पिवळी फटक भाजी, आणि दोघींचे हात त्या एकाच डब्यात.

सुमेधा जागच्या जागी थांबली. जे दिसतंय ते तिला खरंच वाटेना.

“आई,” ती म्हणाली. जवळ आल्यावर तिच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला. “तू मिरची का खात नाहीस?”

बेबीनंदाबाईंनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा द्वारकाबाईंकडे. “बाईला सोसत न्हाई,” त्या म्हणाल्या. “दोन म्हैने झाले, तोंड पोळतंय म्हणती. डबा एकच. मंग भाजीबी एकच व्हती.”

“घरी कोनाला सांगू नको बाई,” द्वारकाबाई घाईनं म्हणाल्या. त्यांचा घास हातातच राहिला होता. “मी इथं जेवते म्हणून.”

“चिठ्ठी कुणी बदलली?”

द्वारकाबाईंनी मान खाली घातली. “म्या मागितली,” त्या म्हणाल्या. “तिची काही चूक न्हाई.”

गोष्ट अशी होती. द्वारकाबाई तीस वर्षं तंबाखू खात होत्या आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. पत्ता लागणार कसा? तंबाखू त्यांच्याजवळ कधी नव्हतीच. ती बेबीनंदाबाईंच्या कमरेच्या चंचीत असायची, चुन्याच्या डबीसकट. आणायची बेबीनं, मळायची बेबीनं, रानात आल्या की चिमटीभर बाईच्या हातावर ठेवायची बेबीनं. घरी जाताना द्वारकाबाई विहिरीवर चूळ भरायच्या आणि व्यसनमुक्तीच्या अध्यक्षांची बायको होऊन परत जायच्या. शिबिराच्या दिवशी नवऱ्यानं माइकवरून नाव घेतलं, पळायला जागा राहिली नाही. गालात काहीतरी आहे हे जिभेला कळतच होतं. म्हणून रांगेत बेबीच्या मागे उभ्या राहिल्या आणि दाराच्या आत शिरताना चिठ्ठी बदलून घेतली. काही निघालं तर बेबीच्या नावावर निघावं. बेबीची पोरगी तिथेच कामाला, बेबीला कळेल, बेबी आपल्याला सांगेल.

“आणि तू दिलीस!” सुमेधा आईवर ओरडली. “काल सकाळपासून मी मेले आई! लाल ओळ तुझ्या नावाची. मला वाटलं तू...”

बेबीनंदाबाईंचा हात डब्यात थबकला. लाल हा शब्द त्यांना आत्ता पोचला होता. त्यांनी आधी लेकीकडे बघितलं नाही, द्वारकाबाईंकडे बघितलं.

“लाल काय असतं?” द्वारकाबाईंनी विचारलं.

सुमेधा सहा जणांशी हे बोलली होती. वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही तिच्या तोंडी आलं नाही. “वाईट असू शकतं काकू,” ती म्हणाली. “तुकडा काढून बघावं लागेल. शुक्रवारी गाडी आहे.”

“मंग बेबीच्या नावानंच जाते की. गाडीत मी बसते, नाव तिचं सांगते.”

“तसं नाही होत. तो तुकडा बाटलीत घालतात आणि बाटलीवर नाव लिहितात. रिपोर्ट त्या नावानं येतो, पुढचा इलाज त्या नावानं होतो. आधार कार्ड मागतात. तुमचा आजार आईच्या नावानं फिरत राहील आणि तुम्ही ‘दोष नाही’ म्हणून घरी बसाल. मी एक दिवस हेच बघितलंय काकू. मला माहीत आहे ते कसं असतं.”

द्वारकाबाईंनी पदराला हात पुसला. “फोटो हाय?”

“आहे.”

“दाव.”

सुमेधानं मोबाइल पुढे धरला. द्वारकाबाईंनी तो उन्हाकडे पाठ करून हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी स्वतःच्या डाव्या गालावर बाहेरून बोट ठेवलं, बरोबर त्या जागी.

“हे मपलं हाय?”

“हो.”

“जीभ सारखी तिथंच जाती. मला वाटलं, दात लागून राह्यला.”

“म्याच दिली तुमाला पहिली,” बेबीनंदाबाई म्हणाल्या. “नवीन नवरी व्हऊन आल्त्या. निंदणीला बसल्या अन् दाढ दुखती म्हणून रडायला लागल्या. म्या चिमटीभर दाढंखाली धराया दिली. म्याच दिली.” त्या सारखं तेच म्हणू लागल्या. द्वारकाबाईंनी त्यांचं मनगट धरलं, भाजीच्या हातानंच, आणि धरून ठेवलं.

“यांना फोन लाव,” शेवटी द्वारकाबाई म्हणाल्या. “तू लाव. तुमी कसं सांगता तसं सांग. म्या न्हाई सांगू शकत.”

सातवा फोन. ठोंबऱ्यांचा नंबर तिनं सकाळीच बासष्टच्या ओळीतून उतरवून घेतला होता. सुमेधानं तो लावला आणि स्पीकर चालू केला.

“बोल बेटा!” धर्मराज ठोंबऱ्यांचा आवाज खुशीत होता. “मेसेज पाहिला आम्ही. ग्रुपवर टाकला बघ!”

“काका, तो मेसेज चुकीच्या नावावर गेला. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. काकूंचा रिपोर्ट लाल आहे. तंबाखूमुळे तोंडात चट्टा आलाय. शुक्रवारी त्यांना जालन्याला न्यावं लागेल, थांबून चालणार नाही.”

पलीकडून आवाज आला, एकदम हळू, दारं-खिडक्या लावून घेतल्यासारखा.

“हे आनखी कोनाकोनाला कळलं?”

सुमेधानं भीत भीत द्वारकाबाईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. हाच प्रश्न येणार हे त्या फार वर्षांपासून ओळखून असाव्यात. त्यांनी हात पुढे करून मोबाइल घेतला.

“मला कळलं,” त्या म्हणाल्या. “अन् बेबीला. ती येती मपल्यासंगं शुक्रवारी. तुमाला यायचं तर या.”

फोन बंद कसा करायचा हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तो तसाच सुमेधाच्या हातात दिला. धर्मराज ठोंबरे हॅलो हॅलो करत राहिले. सुमेधानंच शेवटी लाल बटण दाबलं.

तीन वाजता ती ऑफिसात परतली. रामप्रसाद सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, यापुढे सिस्टर आत नाव विचारील, मगच फोटो काढील. सुमेधानं शीट उघडली. आईच्या ओळीतला फॉर्म्युला तिनं पुसला आणि हातानं लिंक जोडली, राइट क्लिक, फोल्डर, फाइल, बासष्ट. द्वारकाबाईंच्या ओळीला एकसष्ट. आईची ओळ हिरवी केली, त्यांची लाल. सबंध शीटमध्ये आता तेवढे दोनच कप्पे हातानं जोडलेले होते.

बरोबर जुळलं का ते बघायला तिनं द्वारकाबाईंच्या नावापुढे टिचकी मारली. तेच तोंड उघडलं. तोच पांढरा चट्टा, मधली तीच खरबरीत लाल जागा. काल हे आईचं म्हणून तिला बघवत नव्हतं. आज ते आईचं नव्हतं, आणि तरीही बघवत नव्हतं. शुक्रवारला अजून दोन दिवस होते.